सैनिकाचा गव्हर्नर कसा झाला: एका साहेबाची कारकीर्द कागदांवरून मांडताना

ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची कारकीर्द लिहायला बसलात की ‘अमुक साली त्याने गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली’ हे वाक्य पहिल्या पानावर येऊ देऊ नका. ते तिथे आलं की पुढचा सगळा लेख सनावळी होतो आणि मागची तीस-चाळीस वर्षं ‘तत्पूर्वी त्याने सैन्यात विविध पदांवर काम केले’ या एका ओळीत उरकली जातात. खरी गोष्ट त्याच तीस-चाळीस वर्षांत असते.

मी वाईची. बरीच वर्षं इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतरही स्मरणिकांचे संपादक, व्याख्यानं देणारे, एम. ए.ची मुलंमुली लेख घेऊन येतात. आमच्या भागात साहेबांची नावं जागोजागी चिकटलेली आहेत, त्यामुळे लेखांना तोटा नाही. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. उदाहरण एकच घेते, सर जॉन माल्कम. मुंबईचा गव्हर्नर, १८२७ ते १८३०. एक तर त्याचं आयुष्य आपल्या कागदांत तीन-चार ठिकाणी ठळक शिरतं. आणि दुसरं म्हणजे ‘तलवारीच्या जोरावर वर चढलेला शिपाईगडी’ ही समजूत त्याच्यावर तपासून बघायला तो फार चांगला माणूस आहे.

आधी सैन्य कोणाचं ते ठरवा

‘ब्रिटिश सैन्यात होता’ एवढ्याने काही कळत नाही. त्या काळी हिंदुस्थानात दोन प्रकारचे गोरे अधिकारी होते, राजाचे आणि कंपनीचे. राजाच्या पायदळात आणि घोडदळात हुद्दे विकत घेता येत. ही पद्धत थेट १८७१ साली बंद झाली. कंपनीच्या सैन्यात तसं नव्हतं. तिथे शिफारशीने कॅडेट म्हणून शिरायचं आणि पुढे ज्येष्ठतेप्रमाणे सरकत राहायचं. वरचा मेला, निवृत्त झाला किंवा मायदेशी गेला की खालच्याचा नंबर. पैसेवाल्या घरचा नसलेल्या, पण घाई असलेल्या तरुणाला कंपनीच्या पलटणीत म्हातारा होण्याचीच भीती जास्त.

त्यात कंपनीची सैन्यं तीन: बंगाल, मद्रास, मुंबई. माल्कम मद्रासचा. याचा व्यावहारिक अर्थ असा, की गव्हर्नर होईपर्यंतचा त्याचा लष्करी कागद मुंबईत शोधण्यात अर्थ नाही. तो चेन्नईला एग्मोरच्या पुराभिलेखागारात किंवा लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत. ‘मुंबईचा गव्हर्नर ना, मग मुंबईतच असणार’ असं धरून आठवडा घालवणारे मी पाहिले आहेत.

उलट उदाहरण हवं असेल तर सर जॉर्ज आर्थर बघा. तोही सैनिक, तोही मुंबईचा गव्हर्नर (१८४२ ते १८४६). पण तो राजाच्या सैन्यातला. ब्रिटिश होंडुरास, मग व्हॅन डायमेन्स लँड म्हणजे आजचं टास्मानिया, मग अप्पर कॅनडा, आणि शेवटी मुंबई. त्याच्या कागदांसाठी होबार्ट आणि टोरंटो गाठावं लागतं. कोल्हापूरच्या गडकऱ्यांचं १८४४ चं बंड ज्याच्या अमलात झालं, त्याने कॅनडात १८३७ च्या उठावातल्या दोघांना १८३८ साली फासावर जाऊ दिलं होतं, हे आपल्याकडे कोणी जोडून वाचत नाही. वाचायला हवं. पण तो वेगळा लेख.

कागदावर दोन उभे रकाने पाडा

डावीकडे सैन्यातला हुद्दा. उजवीकडे त्या साली तो प्रत्यक्षात काय करत होता. दोन्हींना तारीख. बस. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि लेखाचा कणा त्यातून मिळतो.

माल्कमचं करून बघू. जन्म २ मे १७६९, स्कॉटलंडच्या दक्षिणेला लँगहोमजवळ बर्नफूट नावाच्या ठिकाणी. सतरा भावंडं, बाप शेतकरी आणि कर्जात. घरातल्या मुलांना मिळेल तिथे चिकटवणं हाच उपाय होता. काही आरमारात गेले, हा कंपनीकडे. १७८२ साली, तेरा वर्षांचा असताना, याचं नाव मद्रासच्या सैन्यात लागलं आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये तो मद्रासला उतरला. मुलाखतीत कुणा डायरेक्टरने ‘हैदर अली समोर आला तर काय करशील?’ असं विचारल्यावर ‘तलवार काढून मुंडकं उडवीन’ असं पोराने उत्तर दिल्याची गोष्ट त्याच्या चरित्रांत हटकून येते. गोष्ट छान आहे. लेखात घ्यायची तर ‘सांगतात’ लावून घ्या.

आता रकाने बघा. पहिली नऊ-दहा वर्षं डावा आणि उजवा रकाना सारखाच: पलटण, छावणी, कर्ज. मग १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या पहिल्या वेढ्याच्या वेळी उजव्या रकान्यात एक नवीन शब्द येतो: दुभाष्या. निजामाच्या फौजेबरोबर असलेल्या तुकडीसाठी फारसी दुभाष्या म्हणून गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने त्याला नेमलं. माल्कमने मुनशी ठेवून फारसी शिकून घेतली होती. या एका नोंदीखाली लाल रेघ मारा. कारण तिथून पुढे दोन्ही रकाने एकमेकांपासून लांब जायला लागतात.

१७९८: डावीकडे कॅप्टन, उजवीकडे हैदराबादच्या रेसिडेंटचा, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचा, सहायक. १७९९: टिपू पडला, उजवीकडे म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या कमिशनचा सचिव, दुसरा सचिव टॉमस मन्रो, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईहून गलबत, इराणच्या शहाकडे वकील म्हणून. हुद्दा अजून कॅप्टनच! १८०१ च्या जानेवारीत फतहअली शहाबरोबर तह. तिशी नुकती ओलांडलेला, डावीकडे साधा कॅप्टन असलेला माणूस उजवीकडे एका बादशहासमोर बसून करार करतोय.

हा उजवा रकाना म्हणजेच ‘पोलिटिकल’ खातं. रेसिडेंट, एजंट, वकील ही सगळी माणसं याच खात्यातली. यांचा लष्करी हुद्दा ज्येष्ठतेसाठी आणि पगाराच्या हिशेबासाठी मागे चालू राहायचा, काम मात्र दरबारात बसून बोलण्याचं आणि गव्हर्नर जनरलला लांबलचक पत्रं लिहिण्याचं. माल्कम सैन्यातून गव्हर्नर झाला असं म्हणणं म्हणूनच मला अर्धवट वाटतं. तो फारसीतून गव्हर्नर झाला. तलवार होती, पण ती बहुतेक वेळ खोगिराला अडकवलेली.

याला पुरावा १८०३ चा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात असईची लढाई झाली २३ सप्टेंबरला. माल्कम इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याचा जवळचा माणूस, तरी असईला नव्हता. आजारी पडून मुंबईला गेलेला. पुढच्या अडगावच्या लढाईतही नव्हता. लढाया चुकल्या आणि तरी कारकिर्दीला काडीचा धक्का लागला नाही, कारण त्याचं काम लढाईनंतर सुरू होत होतं. २७ फेब्रुवारी १८०४ ला बऱ्हाणपूरला शिंद्यांशी तैनाती फौजेचा तह झाला, तो माल्कमने ठरवलेला.

जिथे तो अडकला तिथे थांबा

गौरवपर चरित्रं यशावर रेंगाळतात. तुम्ही अपयशावर रेंगाळा. कारण माणूस अडकला की तक्रारीची पत्रं निघतात, वरिष्ठांची उत्तरं येतात, कोणाचं कोणाशी काय होतं ते उघडं पडतं.

माल्कमच्या तीन जागा सांगते. पहिली ग्वाल्हेरच्या किल्ल्याची. तो शिंद्यांकडे जावा असं मत माल्कमने दिलं आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीची खप्पामर्जी ओढवून घेतली. आपला आश्रयदाताच नाराज. दुसरी १८०८ ची इराणची स्वारी. बुशेर बंदराच्या पुढे त्याला जाऊच दिलं नाही. तेहरानमध्ये तेव्हा फ्रेंचांचं वजन होतं. रागारागाने परत आला, आणि त्याच सुमारास लंडनहून राजाच्या नावाने पाठवलेला हार्फर्ड जोन्स आत शिरला. कंपनीचा वकील विरुद्ध राजाचा वकील, दोघेही एकाच देशाचे! १८१० मध्ये तिसऱ्यांदा गेला, मानपान भरपूर झाला, हाती फारसं लागलं नाही. या फेरीत त्याने इराणात बटाटा नेला आणि तिथे त्याला ‘माल्कमचा आलू’ म्हणत असं सांगतात. फारसीत आलू म्हणजे आलुबुखारासारखं फळ. राजकारणापेक्षा बटाटाच टिकला म्हणायचा. पण त्या फेऱ्यांमधून त्याचा इराणचा दोन खंडी इतिहास तयार झाला, १८१५ साली छापला गेला; ‘सर’ ही पदवी त्याआधीच, १८१२ साली, मिळाली होती.

तिसरी जागा १८१९. ही सगळ्यात महत्त्वाची. मुंबईची गव्हर्नरी मोकळी होत होती आणि माल्कमला वाटत होतं ती आपलीच. मिळाली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला: दहा वर्षांनी धाकटा, मुलकी नोकर, शिवाय मित्र. पाठोपाठ १८२० मध्ये मद्रासची मन्रोला, म्हणजे म्हैसूरच्या कमिशनमधल्या जोडीदाराला. दोन्ही हुकल्या. माल्कम माळव्यात बसून राहिला, मग १८२२ मध्ये विलायतेला गेला, आणि मुंबई मिळाली ती थेट १८२७ मध्ये. इथे लेखकाने विचारायचा प्रश्न असा: नेमणूक कोणाच्या हातात होती? गव्हर्नर जनरलच्या नाही. लंडनला कंपनीचे डायरेक्टर, आणि त्यांच्या डोक्यावर सरकारचं बोर्ड ऑफ कंट्रोल. हिंदुस्थानात कितीही पराक्रम करा, मतं लंडनला होती. हे ध्यानात आलं की विलायतेतल्या त्या पाच वर्षांतली त्याची पत्रं, भेटीगाठी, वेलिंग्टनशी (म्हणजे वरच्या आर्थर वेलस्लीशीच) असलेली जुनी मैत्री यांना अर्थ येतो. नाहीतर तो काळ ‘विश्रांती’ म्हणून उडवला जातो.

आपल्या कागदांशी जिथे गाठ पडते ती जागा सावकाश लिहा

१८१७-१८ हे प्रकरण मराठी वाचकासाठी सगळ्यात जड. माल्कम तेव्हा दोन टोप्या घालून होता: सेनापती हिस्लॉपच्या दख्खनच्या फौजेत ब्रिगेडियर, आणि गव्हर्नर जनरलचा एजंट. दोन्ही रकाने पहिल्यांदाच एकत्र आले. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढाई झाली आणि हल्ल्यात तो पुढे होता. आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून झाला होता. गादीवर मल्हारराव, वयाने पोर. इंग्रजी वर्णनात ही दरबारातली फूट एका वाक्यात येते. तुम्ही तिला परिच्छेद द्या. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि तह करणारा पुन्हा माल्कमच.

मग बाजीराव. १८१८ च्या मे अखेरीस दुसरा बाजीराव असीरगडाच्या आसपास कोंडला गेला होता. ३ जून १८१८ ला तो माल्कमच्या छावणीत आला: पेशवाई सोडायची, दख्खन सोडायचं, आणि वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला. माल्कमचं म्हणणं, लढाई लांबवण्यापेक्षा आणि बाजीराव असीरगडात शिरण्यापेक्षा हे स्वस्त.

इथे एक सवय लावून घ्या: मोठ्या निर्णयापासून पुढे एक रेघ ओढायची आणि तो निर्णय किती वर्षं चालला ते मोजायचं. बाजीराव बिठूरला २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला. म्हणजे साडेबत्तीस वर्षं. बेरीज अडीच कोटींच्या वर जाते. आणि तो गेल्यावर पेन्शन दत्तक मुलाला, नानासाहेबाला, नाकारली. त्या नकाराचं १८५७ मध्ये काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. माल्कमने छावणीत बसून ठरवलेल्या आकड्याची शेपटी कानपूरपर्यंत जाते. तेव्हा ‘माल्कमने उदारपणे पेन्शन दिली’ किंवा ‘माल्कमने पेशव्याला फसवलं’ यापैकी एक वाक्य लिहून मोकळे होऊ नका. पत्रं छापलेली आहेत. हेस्टिंग्जचा आक्षेप आणि माल्कमचं उत्तर शेजारी शेजारी ठेवा आणि वाचकाला वाचू द्या.

गव्हर्नरीची तीन वर्षं

१ नोव्हेंबर १८२७ ते डिसेंबर १८३०. आता कागद मुंबईत. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ओळखपत्र आणि कामाचा विषय सांगणारं पत्र घेऊन जा. आधी सूची मागा, मग खंड. विषय ‘माल्कम’ असा सांगितलात तर काहीच मिळणार नाही. तिथे माणसांची फाईल नसते, खात्यांची असते. पोलिटिकल, ज्युडिशियल, पब्लिक, रेव्हेन्यू यापैकी कोणतं खातं आणि कोणतं साल, ते ठरवून जा. इंग्रजी सूचीत आजच्या स्पेलिंगने शोधू नका. साताऱ्याला दोन टी, पुण्याला शेवटी ए, बाजीरावाच्या रावाला आर-ओ-डब्ल्यू. मोडी कागदांत उलटी गंमत, साहेबांची नावं कानाला लागली तशी: एल्फिन्स्टनचा तिथे ‘अलपिष्टन’ होतो.

गव्हर्नर एकटा राज्य करत नसे; तो आणि त्याचं कौन्सिल. ज्याला मत नोंदवायचं तो सहीनिशी टिपण लिही, त्याला ‘मिनिट’ म्हणत. माल्कमला मिनिटं लिहिण्याचा दांडगा उत्साह. जाताना, ३० नोव्हेंबर १८३० ला, त्याने आपल्या सगळ्या कारभाराचा आढावा घेणारं लांबलचक मिनिट लिहिलं. नवख्याला ते सापडलं की लॉटरी लागल्यासारखं वाटतं: सगळं एका जागी! वापरा जरूर, पण ते स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र आहे. त्यातल्या प्रत्येक दाव्याला दुसरा कागद शोधा.

मी नेहमी तीन दावे तपासायला देते.

बोरघाट. गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० ला माल्कमच्या हस्ते खुला झाला. काम त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेलं, म्हणजे दहा महिन्यांत गाडी घाट चढायला लागली. दावा खरा ठरतो. मात्र घाटातली वाट त्याने ‘शोधली’ असं कोणी लिहिलं तर खोडा. बोरघाटाने बैलांचे तांडे शतकानुशतकं चढत होते.

महाबळेश्वर. इथे आमच्या भागातले लेख सर्रास घसरतात. ‘माल्कमने महाबळेश्वर वसवले.’ क्षेत्र महाबळेश्वर आधीपासून होतंच, कृष्णेचा उगम आहे तिथे. साताऱ्याहून लॉडविक हा लष्करी अधिकारी १८२४ मध्ये वर गेला आणि त्याने हवेची तारीफ केली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी वरपर्यंत रस्ता करवला. माल्कम आला त्यानंतर. त्याने आजारी गोऱ्यांसाठी तिथे वस्ती ठरवली, आणि १६ मे १८२९ च्या तहाने ती जागा महाराजांकडून घेतली. बदल्यात कंपनीने खंडाळा गाव दिलं. पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. हे खंडाळा आमचं, वाईच्या बाजूचं, आता ज्याचा स्वतंत्र तालुका आहे ते. लोणावळ्याशेजारचं नव्हे. बोरघाटही माल्कमचाच असल्यामुळे लेखक दोन्ही खंडाळ्यांची हमखास खिचडी करतात.

या प्रकरणाची मराठी बाजू पुण्यात आहे. पुणे पुराभिलेखागारात, ज्याला आपण अजून पेशवे दफ्तरच म्हणतो, साताऱ्याची कागदपत्रं आहेत, प्रतापसिंह महाराजांची रोजनिशीही. मोडी येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर घ्या, पण ती पाहिल्याशिवाय ‘महाराजांनी आनंदाने जागा दिली’ असं वाक्य लिहू नका. आनंदाने दिली असेलही. तहाच्या इंग्रजी मसुद्यात मात्र देणारा नेहमीच आनंदी असतो.

तिसरा दावा कोर्टाचा, आणि हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं. मुंबईत राजाचं सुप्रीम कोर्ट होतं. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा मुलगा त्याचे वडीलधारे पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात होता. मुलाला कोर्टापुढे हजर करा असा हेबियस कॉर्पसचा हुकूम कोर्टाने पुण्याला धाडला. माल्कमच्या सरकारने तो बजावू दिला नाही. म्हणणं असं, की मुंबई बेटाबाहेर, मोफसलात, या कोर्टाचा अंमलच नाही. पुण्याच्या सरदारांना आपण शब्द दिलेत, कोर्टाचा शिपाई त्यांच्या वाड्यात कसा घुसवायचा? १८२८ मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीश, वेस्ट आणि चेंबर्स, काही आठवड्यांच्या अंतराने वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. ते चिडले आणि १८२९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कोर्टच बंद केलं! लंडनहून बोर्ड ऑफ कंट्रोलचा लॉर्ड एलेनबरो याने माल्कमला खाजगी पत्र पाठवलं: दोन नवे न्यायाधीश येतायत, ग्रँट त्यांच्या मधे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानहत्ती असावा तसा राहील. हे पत्र फुटलं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अपिलाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, त्याच वर्षी सरकारच्या बाजूने निकाल दिला.

हे प्रकरण लिहिताना एक पथ्य. माल्कम जिंकला म्हणून माल्कम बरोबर, असं गृहीत धरू नका. ‘सरदारांचा मान’ राखणं आणि सरकारच्या मनमानीला कोर्टाचा लगाम न लागू देणं, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. आणि त्या मुलाचं काय? चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. त्याच्या नावाने गव्हर्नर, न्यायाधीश आणि प्रिव्ही कौन्सिल भांडलं. छापील इतिहासात तो हुकूम निघाल्यानंतर जवळजवळ दिसेनासा होतो. कोणाला शोधायचं असेल तर हा विषय घ्या.

बाकीचं थोडक्यात उरकलं तरी चालेल. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझकडे निघाली; माल्कमचा त्याला पाठिंबा होता. पुण्याजवळ दापोडीला बंगला आणि वनस्पतींची बाग झाली, तीही त्याच्याच काळात. टाउन हॉलमधला, म्हणजे एशियाटिक सोसायटीतला, त्याचा संगमरवरी पुतळा चँट्री या शिल्पकाराने केलेला. तो जाऊन बघा, पण त्यावरून त्याच्या उंचीचा किंवा रुबाबाचा अंदाज लेखात लिहू नका.

नावांचा घोळ

छापायला देण्याआधी एक संध्याकाळ फक्त नावांसाठी राखून ठेवा. माल्कमच्या अमलात मुंबईत दोन ‘सर माल्कम’ होते. दुसरा त्याचा भाऊ चार्ल्स, मुंबईच्या आरमाराचा सुपरिंटेंडेंट. आगबोटीच्या कागदांत नुसतं ‘सर माल्कम’ आलं तर कोणता ते बघा. वेलस्ली दोन: रिचर्ड गव्हर्नर जनरल, आर्थर सेनापती, जो पुढे वेलिंग्टन झाला. एल्फिन्स्टनही दोन: १८१९ ते १८२७ चा माउंटस्टुअर्ट, आणि १८५७ च्या वेळचा लॉर्ड. परळजवळच्या ज्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात त्याला नाव होतं ते दुसऱ्याचं. आणि ग्रँट तर विचारू नका: साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ, कोर्ट बंद करणारा जॉन पीटर ग्रँट, आणि ज्याच्या नावाने ग्रँट रोड आहे तो १८३५ चा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट. तिघांना एक करून लिहिलेला एक लेख माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात या एकत्रित ग्रँटने साताऱ्यात इतिहास लिहून मुंबईत कोर्ट बंद करून मग गव्हर्नरी केली होती. कारकीर्द झकास होती.

महाबळेश्वरच्या आर्थर सीटचंही तसंच. वर सांगितलेला गव्हर्नर जॉर्ज आर्थर आणि हा पॉइंट यांची सांगड बरेच जण घालतात. जुन्या गॅझेटियरमध्ये हे नाव तिथे घर बांधणाऱ्या आर्थर मॅलेटवरून पडल्याचं दिलं आहे.

पदव्यांना तारीख असते हेही विसरू नका. १८०१ च्या इराणच्या तहात ‘सर जॉन’ लिहिलं की जाणकार वाचक तिथेच अंक मिटतो.

शेवट कुठे करायचा

माल्कम ३० मे १८३३ ला लंडनला वारला. त्याआधी थोडा काळ पार्लमेंटातही बसला. लेख तिथे संपवायचा मोह होतो, पण मी तिसरा रकाना काढायला लावते: समोरच्या माणसाचा. महिदपूरच्या पुढे होळकर, बिठूरपर्यंत बाजीराव, आणि १८२९ च्या तहाच्या पुढे प्रतापसिंह महाराज. ज्या छत्रपतींकडून माल्कमने महाबळेश्वर घेतलं त्यांना दहाच वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, कंपनीने पदच्युत केलं. महाराजांची रवानगी काशीला झाली. १८४७ मध्ये ते तिथेच गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं राहिले. हा निर्णय अमलात आणणारा मुंबईचा गव्हर्नर होता सर जेम्स कारनॅक: कंपनीच्या सैन्यातून आलेला, मग बडोद्याचा रेसिडेंट, मग लंडनला डायरेक्टर. म्हणजे पुन्हा तोच जिना.

दुसरा लेख लिहायचा झाला तर कारनॅक घ्या. त्याचं सैन्य कोणतं ते इथेही पहिल्यांदा ठरवा. बडोद्याच्या रेसिडेन्सीचे कागद मात्र आधी बघून घ्या, आणि रकाने पहिल्या दिवशीच तीन पाडा.